पेरण्याच्या दगडावरची एकोणपन्नास नावं

डिसेंबर संपत आला की तोच वाद दरवर्षी नव्यानं पेटतो. एक बाजू छातीठोकपणे सांगते की १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत पाचशे महार शिपायांनी पेशव्यांच्या अठ्ठावीस हजार फौजेला धूळ चारली. दुसरी बाजू तितक्याच आवेशानं विचारते की इंग्रजांच्या पगारावर लढलेल्यांचा जयजयकार स्वतंत्र देशात कशाला? दोन्हीकडून तेच आकडे, त्याच चित्रफिती, त्याच शिव्या. मग १ जानेवारीला पुण्याजवळच्या पेरणे फाट्यावर, त्या लढाईच्या स्मारकस्तंभापाशी, लाखो माणसं येतात. स्तंभ फुलांनी मढवलेला असतो, समता सैनिक दलाची पथकं संचलन करत येऊन मानवंदना देतात, छातीवर पदकं लावलेले निवृत्त फौजी सलामी ठोकतात, पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी उसळते. दोन तारखेला वाद जिथे होता तिथेच असतो. या साऱ्यात त्या दगडावर कोरलेली नावं मात्र क्वचितच कुणी वाचतं.

माझं मत आधीच सांगतो. पेरण्याची मानवंदना योग्य आहे, ती व्हायलाच हवी, आणि तिच्या समर्थनासाठी एकही फुगवलेलं वाक्य लागत नाही. १८१८ ची लढाई कशासाठी झाली हा एक प्रश्न आहे. त्या लढाईत पडलेल्यांपुढे शंभर-दोनशे वर्षांनी त्यांची माणसं कशासाठी उभी राहतात हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा निकालात निघाला असं मानणं ही या वादातली मूळ चूक, आणि ती दोन्ही बाजू करतात.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे अपशिंगे नावाचं गाव आहे, सगळे त्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान परमुलखात पडले, आणि इंग्रज सरकारनं गावात त्यांचं स्मारक उभारलं. ते कुणाचं राज्य राखायला गेले होते? आपलं तर नव्हतंच. पण त्या स्मारकापुढे हात जोडणाऱ्याला ‘तुमचे पणजोबा इंग्रजांचे भाडोत्री होते’ असं कुणी म्हटल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. कुणी म्हणूही नये. पोटासाठी, गावाच्या रिवाजासाठी, बापामागून पोरगा म्हणून ती माणसं पलटणीत गेली आणि परत आली नाहीत. गाव त्यांना विसरलं नाही, एवढंच त्या स्मारकाचं म्हणणं आहे. मग हीच समजूत भीमा नदीच्या काठी का आटते?

आता लढाईकडे. विरोधकांचे जे मुद्दे खरे आहेत ते आधी मोकळेपणानं मान्य केले पाहिजेत. ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई होते, तीनशेच्या आसपास घोडेस्वार होते आणि दोन तोफांवर मद्रास तोफखान्याचे गोरे गोलंदाज. ती पलटण एका जातीची नव्हती. स्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, आणि त्यावरून ते शिपाई महार होते हे कळतं. बाकीच्यांत मराठे आहेत, मुसलमान आहेत. पेशव्यांची फौज अठ्ठावीस हजारांच्या घरात होती हे खरं, पण कोरेगावात घुसून लढलेलं पायदळ दोनेक हजारांचंच होतं. बारा तास, पाण्याच्या थेंबाशिवाय, कंपनीच्या शिपायांनी गाव धरून ठेवलं. हा पराक्रम कुठल्याही मोजमापानं मोठा आहे. पण रात्र पडल्यावर कंपनीच्याच जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्यानं पेशव्यांचं सैन्य निघून गेलं, आणि स्टाँटननंही आपले जखमी घेऊन परत शिरूर गाठलं. म्हणजे ‘पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार’ हे गणित टिकत नाही, ‘धुव्वा’ हा शब्दही टिकत नाही, आणि त्या दिवशी शिपाई जातिव्यवस्थेविरुद्ध बंदूक रोखून उभे होते याला कागदोपत्री आधार नाही. ते हुकमानं लढत होते.

स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतूही उदात्त नव्हता. २६ मार्च १८२१ रोजी पायाभरणी झालेला हा साठ फुटी स्तंभ म्हणजे कंपनीनं स्वतःच्या विजयाची केलेली जाहिरात. पूर्वेकडच्या ब्रिटिश सैन्याच्या सर्वांत अभिमानास्पद विजयांपैकी हा एक, असं तो लेख सांगतो. लढाईनंतर जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं शरणागती पत्करली आणि महाराष्ट्राचं राज्य गेलं, ही जखमही खोटी नाही. ज्याला तो लेख वाचून आत कुठेतरी दुखतं, त्याला मी जातीयवादी म्हणणार नाही.

पण दुखण्यावरून थेट देशद्रोहाच्या आरोपावर उडी मारणारे त्या काळाकडे जरा डोळसपणे पाहतील का? कंपनीच्या फौजेला पुण्यात आणलं कोणी? होळकरांपुढे पळालेल्या याच बाजीरावानं ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून, आणि १८०३ मध्ये कंपनीच्या संगिनींच्या आधारानंच तो पुन्हा गादीवर बसला. त्या तहाला बरोबर पंधरा वर्षं झाली त्या रात्री स्टाँटनची पलटण शिरूरहून निघाली होती. कोरेगावच्या गल्ल्यांत पेशव्यांच्या बाजूनं सर्वांत चिवट झुंजले ते कोण? अरब. पगारावर ठेवलेले, परमुलखातून आलेले. आणि समोरच्या फळीत देश-कोकणातल्या खेड्यांतले मराठी बोलणारे शिपाई. यातलं स्वकीय कोण आणि परकीय कोण? छत्रपती प्रतापसिंह महाराज तेव्हा पेशव्यांच्या ताब्यात, त्यांच्या छावणीबरोबर फिरत होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले, महाराज कंपनीच्या हाती आले, आणि त्याच कंपनीनं त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. बापू गोखल्यांच्या निष्ठेपुढे मी मान झुकवतो. पण एका नोकरीच्या शिपायानं १८१८ साली ‘राष्ट्र’ ओळखायला हवं होतं, असा हट्ट धरायचा आणि कंपनीला पुण्यात आणणाऱ्या पेशव्याला मात्र त्यातून सूट द्यायची, याला न्याय म्हणत नाहीत.

इथे एक जास्त जोरकस आक्षेप येतो. अपशिंग्याचे जवान जर्मन-तुर्कांशी लढले, आपल्याच माणसांशी नव्हे. पहिल्या महायुद्धात हैफा शहर घेणारे जोधपूर आणि म्हैसूरचे घोडेस्वार असोत, सारागढीची चौकी लढवणारे एकवीस शीख असोत, की १९४४ साली इटलीत पडलेले माणगावचे नाईक यशवंत घाडगे असोत, त्यांच्या बंदुका मराठी माणसावर रोखलेल्या नव्हत्या. कोरेगावात त्या होत्या. हा फरक खरा आहे. भारतीय सैन्यानंही स्वातंत्र्यानंतर एतद्देशीय राजांविरुद्ध मिळवलेले युद्धसन्मान साजरे करणं थांबवलं, आणि १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर सुरुवातीला असलेला हा स्तंभ नंतर काढला गेला. सैन्याचा तो निर्णय मला पटतो. एका झेंड्याखाली लढणाऱ्या पलटणींनी एकमेकींच्या आजोबांवरचे विजय मिरवू नयेत.

तरीही या आक्षेपाला एक उत्तर द्यावंच लागतं. कंपनीच्या मुंबई सैन्यात फक्त महार होते का? आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची सर्वांत जुनी पलटण, ‘जंगी पलटण’, १७६८ मध्ये कंपनीच्या मुंबईच्या रक्षणासाठीच उभी राहिली. कोरेगावच्या त्याच दगडावर मराठ्यांचीही नावं आहेत. लढाईत जखमी झालेले जमादार खंडोजी माळवदकर मराठाच होते, आणि १८२४ मध्ये कंपनीनं स्तंभाच्या देखभालीचं काम त्यांच्याकडे सोपवलं. त्यांना कुणी कधी गद्दार म्हटलं? नाही, आणि तेच बरोबर आहे. मग एकाच दगडावरची सत्तावीस नावं वगळून बावीस नावांच्याच वारसांकडे राष्ट्रनिष्ठेचा दाखला का मागितला जातो? दाखला मागणाऱ्यानं आधी याचं उत्तर द्यावं. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, सारी ब्रिटिश साम्राज्यासाठी पडलेल्यांची. १९७२ पासून जवळजवळ अर्धं शतक प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी आपल्या पंतप्रधानांनी त्याच कमानीखाली पुष्पचक्र वाहिलं. जानेवारी २०१८ मध्ये, कोरेगावात दगडफेक झाली त्याच महिन्यात, दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाला हैफाचं नाव जोडलं गेलं. साम्राज्याच्या शिपायाला मान द्यायला या देशाची हरकत नाही, हे उघड आहे.

आता वादातला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग. मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे. पेरण्याला जमणं म्हणजे इंग्रजांचे आभार मानणं, असं समजलं जातं. इतिहास नेमकं उलटं सांगतो. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ अशी एक वर्गवारी पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या हवालदार, जमादार, सुभेदार झालेली घरं होती, त्या घरांच्या तोंडावर दार लागलं. सैन्याचा पगार म्हणजे शाळा होती, बूट होते, पेन्शन होती, गावकीच्या कामातून सुटका होती. ते सगळं एका फटक्यात गेलं. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये पुण्यातले अस्पृश्य चळवळीचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. आणि हेच कांबळे लोकांना या स्तंभापाशी जमवू लागले. कशासाठी? इंग्रजांना त्यांचाच दगड दाखवण्यासाठी. तुम्ही म्हणता आम्ही लढाऊ नाही. मग तुमच्या अभिमानाच्या स्तंभावर ही नावं कुणाची? सरकारच्या हातचा लेख सरकारविरुद्ध पुरावा म्हणून उभा करायचा, याहून धारदार युक्तिवाद त्या काळात कुणी केला असेल असं मला वाटत नाही. महायुद्धाची निकड आली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडलीही गेली.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब पेरण्याला आले ते या पार्श्वभूमीवर. सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा सैनिकांच्या स्मारकापुढे उभा होता. अडीच महिन्यांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाण्याला हात लावला. या दोन घटना एकमेकींच्या किती जवळ आहेत ते ध्यानात घेतलं तर स्तंभापुढच्या सभेचा अर्थ आपोआप उलगडतो. आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत, लंडनमध्ये, इंग्रजांच्या तोंडावर त्यांनी काय विचारलं? तुम्ही येण्याआधी आम्हाला गावच्या विहिरीचं पाणी मिळत नव्हतं, आता मिळतं का? देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? सैन्यात घेत नव्हते, आता घेता का? या प्रश्नांनंतर त्यांनी लोकांच्या हाती सत्ता असलेल्या सरकारची मागणी केली. ज्या माणसाचा हा जाब आहे, त्याच्या प्रेरणेनं होणाऱ्या मानवंदनेला इंग्रजधार्जिणी म्हणणं म्हणजे एकतर अज्ञान आहे, नाहीतर जाणूनबुजून केलेला अन्याय.

पेशवाईतही महार लढवय्ये होतेच की, असा एक युक्तिवाद येतो. होते. १७९५ च्या खर्ड्याच्या मोहिमेतल्या शिदनाक महाराची हकिकत प्रसिद्ध आहे. त्याचा तंबू इतरांच्या तंबूंलगत कसा, अशी कुरकुर छावणीत झाली, तेव्हा ही जेवणाची पंगत नसून तलवारीची आहे असं सुनावून ती मिटवण्यात आली, असं सांगतात. हा प्रसंग पेशवाईच्या बाजूनं अभिमानानं सांगितला जातो. पण तो पूर्ण ऐका. मरायला निघालेल्या माणसाचा तंबू कुठे ठोकायचा, हा प्रश्न कुणाला तरी पडला होता. आणि तलवारीची पंगत उठल्यावर जेवणाच्या पंगतीत शिदनाकाला जागा होती का? पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिलं, आणि ती आठवण घराघरांत होती. कोरेगावचे शिपाई त्या मडक्याविरुद्ध लढले असा पुरावा नाही. पण ज्यांच्या घरात मडक्याची आठवण होती त्यांना एका दगडावर आपल्या माणसाचं नाव, हुद्द्यासकट, मराठ्याच्या आणि मुसलमानाच्या नावाशेजारी कोरलेलं दिसलं, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? गावानं ज्याचं नाव कधी सन्मानानं घेतलं नाही, त्याचं नाव दगडावर होतं. दोनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात असा दुसरा दगड किती ठिकाणी होता?

लढणाऱ्याचा हेतू आणि स्मरणाचा अर्थ वेगळे असू शकतात, ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेत सैनिकांच्या स्मरणाचा जो ‘मेमोरियल डे’ आहे, त्याच्या अगदी सुरुवातीच्या सोहळ्यांपैकी एक १ मे १८६५ रोजी चार्ल्सटन शहरात झाला. तिथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दक्षिणेच्या बंडखोर सरकारनं उत्तरेचे युद्धकैदी डांबले होते, आणि २५७ जण मरून एका सामाईक खड्ड्यात पुरले गेले होते. नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे कामकरी तिथे गेले, त्यांनी ती प्रेतं उकरून एकेकाची वेगळी कबर केली, भोवती कुंपण घातलं आणि दहा हजार माणसांची मिरवणूक काढली. पुढे तीन हजार शाळकरी मुलं फुलं घेऊन चालत होती. त्या २५७ मधला प्रत्येक जण गुलामी मोडायला लढला होता का? बरेचसे देश एकसंध ठेवायला गेले होते, काही पगारासाठी, काही सक्तीनं. पण सुटलेल्यांनी त्यांच्या मरणाला आपल्या सुटकेचा अर्थ दिला, आणि तो देण्याचा हक्क त्यांचाच होता. कुणी विचारेल, मग त्याच अमेरिकेत दक्षिणेच्या सेनापतींचे पुतळे का हटवले? कारण त्या पुतळ्यांपुढे सुटलेल्यांना त्यांची जुनी जागा दाखवली जात होती. स्मारकापुढे कोण उभा आहे आणि काय मागतो आहे, ते पाहावं लागतं. पेरण्याला उभा असलेला माणूस कुणाचं काही हिरावून घ्यायला आलेला नाही.

२०१८ मध्ये, दोनशेव्या वर्षी, तिथे जे घडलं त्यात एका तरुणाचा जीव गेला आणि गावातल्या लोकांची घरं-दुकानं पोळली. तेव्हापासून १ जानेवारी म्हणजे पोलीस बंदोबस्त, ड्रोन, बॅरिकेड असं समीकरण झालं आहे. पेरणे, कोरेगाव, वढू, शिक्रापूर इथली सामान्य माणसं आलेल्यांना पाणी देतात, वाटा दाखवतात, आणि बातमीत मात्र त्यांची गावं फक्त तणावापुरती येतात. मला याचं फार वाईट वाटतं.

शेवटी मानवंदनेला जाणाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे आहेत. पाचशे आणि अठ्ठावीस हजार हे आकडे सोडून द्या. ते विरोधकांच्या हातातलं आयतं हत्यार झालं आहे, आणि तुमच्या बाजूला त्याची गरजच नाही. बारा तास तहानलेल्या अवस्थेत गाव धरून ठेवणारी माणसं पुरेशी मोठी आहेत. भाषणं कमी करा, आणि मानवंदनेच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून स्तंभावरची सगळी नावं वाचा. आधी ‘नाक’ लागलेली बावीस, मग मराठे, मग मुसलमान, एकही न वगळता. त्याच मोकळेपणानं पलीकडच्यांचीही आठवण काढा. पेशव्यांच्या बाजूनं त्या दिवशी पाच-सहाशे माणसं मेली किंवा घायाळ झाली असं मानलं जातं. अरब, गोसावी, मराठी गडी. कंपनीनं त्यांची नावं कोरली नाहीत, आणि ज्यांच्यासाठी ते लढले त्यांनीही नाहीत. त्यांच्यासाठी नदीच्या पलीकडे, कोरेगावच्या बाजूला, एखादा साधा दगड उभा करायला ज्यांना आज पेशवाईचं दुःख होतं त्यांना कुणी अडवलेलं नाही. तो दगड उभा राहिला तर पहिल्या वर्षी त्याच्यावर फूल वाहायला मी पेरण्याहूनच, पुलावरून चालत जाईन.